केळ्यांवर आळ

तुम्हाला म्हणून सांगते. हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, देवाजवळसुद्धा नाही. देवाला आपलं आपण कळलं असेल तर ते वेगळं, पण मी होऊन काही त्याच्यापुढे बोलले नाही. उलट उदबत्ती लावताना मी जरा घाईच करते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

आणि गंमत बघा — आमच्या सांडोर गावात माझं नाव कशासाठी घेतात माहितीये? सासऱ्यांची सेवा केली म्हणून! हळदीला जा, साखरपुड्याला जा, कुणीतरी बाई माझा हात धरते आणि आपल्या नव्या सुनेला दाखवते — ही सुरेखा बघ, पोटची पोर करणार नाही एवढं केलं हिने सासऱ्याचं. मी आपली पदर सावरते, "अहो, काहीतरीच काय" म्हणते आणि ताटातला वडा तोंडात घालते. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही ना! इतक्या वर्षांत माझं वजन का वाढलं ते आता तुम्हाला कळलं असेल.

तर, आबा. माझे सासरे. त्यांच्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते नुसतं ऐकून तुम्हाला कळायचं नाही. उंच, काटक माणूस, कमरेला टॉवेल, कानामागे जास्वंदीचं फूल. देवाला वाहून उरलेलं फूल ते कानामागे खोचायचे आणि दिवसभर विसरायचे. सगळा जन्म केळीच्या वाडीत गेला. भाजीपाला होता, नारळ होते, विड्याची पानं होती एके काळी, पण जीव होता तो केळींवर. राजेळीचा घड लागला की आम्हाला बोलवून बोलवून दाखवायचे, कुणाच्या घरी बारसं असावं तसं. आणि खायचे तरी किती! जेवण झालं की एक केळं हवंच. "त्याबिगर पोटाला कळत नाय जेवान संपलं ते," म्हणायचे. थंडीत तर विचारू नका. आमच्याकडे थंडीत सुकेळी करतात — पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवत ठेवायची, चांगली मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून बांधायची. घरात ते काम आबांचंच. मांडवावर वाळत घातलेल्या केळ्यांजवळ काठी घेऊन बसायचे, कावळ्यांना हाकलायचे आणि मधूनमधून एक तोंडात टाकायचे. कावळे परवडले, असं विलास म्हणायचा. विलास म्हणजे माझा नवरा.

पण छातीने आबांना दगा दिला. तरुणपणी मोठा न्यूमोनिया झाला होता, त्यात फुप्फुसातल्या श्वासनळ्या खराब झाल्या. वय झाल्यावर त्या अशा सैल पडल्या की आत कफ साचून राहायचा. साचला की घट्ट व्हायचा, डिंकासारखा. मग छातीच्या डॉक्टरांनी औषध दिलं — कफ पातळ करणारं. लालसर, थोडं कडू. ते सकाळी आणि संध्याकाळी कोमट पाण्याबरोबर घ्यायचं, वाफ घ्यायची, मग उशांवर पालथं झोपायचं, डोकं खाली, कंबर वर, आणि कुणीतरी हाताचा खोंगा करून पाठीवर थापट्या द्यायच्या. कुणीतरी म्हणजे मीच. थापट्या बसल्या, औषध लागू पडलं की मग सुरू व्हायचा तो खोकला — अरे देवा! आमच्या विहिरीवरचा पंप कसा पाणी यायच्या आधी घरघरतो, थरथरतो, आता फुटतो की काय वाटतं, तसा. आणि मग एकदम पाणी — म्हणजे कफ. जवळ राखेचा डबा असायचा, त्यात काढायचे. त्यानंतर आबा उठून बसायचे, तोंड पुसायचे आणि एवढे खूश दिसायचे की काय सांगू. "मोकला झालो बाय," म्हणायचे.

डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं होतं. म्हणाले, खोकला म्हणजे तुमच्या घरातला झाडू आहे असं समजा. औषध केर सैल करतं, झाडू तो बाहेर काढतो. आता झाडूच लपवून ठेवलात तर केर कुठे जाणार? म्हणून आबांना खोकला थांबवणारं औषध कधी, म्हणजे कधीच द्यायचं नाही. हे मला सांगितलं होतं, बरं का. विलासला नाही, आत्याला नाही — मला. आणि मी मान हलवून "कळलं" म्हटलं होतं.

कळलंही होतं. तेच तर.

मी मूळची विरारची, मनवेलपाड्यातल्या चाळीत वाढलेली. तिथे शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी आम्हाला कळायचं. तेव्हा कुणाच्या खोकण्या-खाकरण्याची मला किळस यावी असं काही माझं राजघराणं नव्हे. पण सासर मिळालं ते वाडीतलं घर, पुढे अंगण, मागे विहीर, झोपाळा — आणि माणूस बघा कसा असतो, डोक्यावर जरा सावली मिळाली की नाक वर होतं. माझंही झालं. आमच्या शाळेतल्या मुलींचा फोनवर ग्रुप निघाला तेव्हा तर फारच झालं. रोज सकाळी कुणी फुलांचा फोटो टाकायची, कुणी सुविचार. मी टाकायचे वाडीचे फोटो. केळीचा घड, विहिरीवरची बदकं, झोपाळ्यावर मी. "सुरे, तू तर जमीनदारीण झालीस गं!" असं कुणी लिहिलं की दिवस चांगला जायचा. आबांच्या राखेच्या डब्याचा फोटो मी कधी टाकला नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग एक दिवस ठरलं — सगळ्या जणींनी सुरेखाच्या वाडीत यायचं. गेट-टुगेदर! मीच बोलावलं होतं, मीच आग्रह केला होता, आणि सगळ्या हो म्हणाल्यावर धास्तावलेही मीच. कारण त्यांच्यात नंदिनी होती. नंदिनी आमच्या वर्गात पहिली यायची, आता ठाण्याला टॉवरमध्ये राहते. शाळेत असताना एकदा माझ्या घरी आली होती, चाळीत, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात नाकाला रुमाल लावून सगळ्यांना सांगितलं होतं की हिच्याकडे कसला तरी वास येतो. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. ती बिचारी विसरूनही गेली असेल. मी विसरले नव्हते एवढंच.

थंडीचे दिवस. थंडीत आबांचा कफ जास्त. सकाळी एकदा मोकळं झालं तरी दिवसभर मधूनमधून पंप सुरू व्हायचा — जेवताना, बोलता बोलता, कुणी आलं की तर हमखास. माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. ओटीवर केळीची पानं मांडलीत, मैत्रिणी जेवायला बसल्यात, नंदिनी पहिला घास घेतेय, आणि झोपाळ्यावरून — नको, नको! आबांना दोन दिवस आत्याकडे पाठवावं का? आत्या म्हणजे त्यांची बहीण, चार घरं पलीकडे. पण काय सांगून पाठवायचं? आबा, तुमची लाज वाटते म्हणून? आणि आबांना तर कोण उत्साह! पाहुण्या येणार म्हणून त्यांनी सुकेळ्यांच्या पुड्या बांधायला घेतल्या होत्या, प्रत्येकीसाठी एक.

आता ऐका. विलासला मागे कोरडा खोकला झाला होता, त्याची बाटली कपाटात तशीच पडून होती. खोकला थांबवणारं औषध. लाल. अगदी आबांच्या औषधासारखं लाल.

फिरून फिरून इथे यायचंच होतं, आले. मी आबांचं औषध एका रिकाम्या बाटलीत ओतून डब्यांच्या मागे लपवलं आणि विलासचं औषध आबांच्या बाटलीत भरलं. हात थरथरला वगैरे म्हणाल तर तसं काही नाही. नरसाळं घेऊन, एक थेंब न सांडता, नीट भरलं. मनात काय चाललं होतं सांगू? पुरणपोळ्या करायच्या की उकडीचे मोदक.

मैत्रिणी यायच्या दोन दिवस आधीपासून द्यायला सुरुवात केली. पहिला चमचा घेतल्यावर आबांनी ओठ चाटले. "चव बदलली काय गं याची?" म्हणाले. मी म्हटलं, कंपनीने बदलली असेल. "बेस हाय. गोड हाय," म्हणाले आणि चमचा चाटून पुसून मला परत दिला. थापट्याही मी हलक्या हाताने दिल्या, दिल्यासारख्या केल्या. आणि खोकला खरंच बसला. बसला म्हणजे काय, घर एवढं शांत झालं की शेजारच्या काकू विचारायला आल्या, आबा गावाला गेले का म्हणून!

आणि आबा किती खूश! त्यांना वाटलं आपण बरे झालो. हे मला आता, सांगताना, जास्त लागतंय. ज्याला त्याला सांगत सुटले — नवीन औषध आलंय, खोकलाच नाय, सूनबायने आनलंय. थोडे पेंगायचे दुपारी, पण तोंडावर हसू. मी त्यांच्याकडे बघायचे नाही. कामं काय थोडी होती?

गेट-टुगेदरचा दिवस — काय दिवस झाला म्हणून सांगू! सगळ्या आल्या, ओरडल्या, मिठ्या मारल्या, फोटो काढले, कुणाचे केस गेले, कुणाचे दात, हसून हसून पोटं दुखली. मोदक मस्त झाले होते. आणि सगळ्यांत कोणी भाव खाल्ला असेल तर आबांनी. झोपाळ्यावर बसून त्यांनी जी काय मैफल जमवली! राजेळी कशी ओळखायची, कावळा कसा हाकलायचा, तरुणपणी घोडागाडीतून केळी नेताना गाडी ओढ्यात कशी कलंडली आणि केळ्यांबरोबर तेही कसे वाहत निघाले. माझ्या मैत्रिणी त्यांच्या भोवती पायाशी बसल्या होत्या. नंदिनी तर सारखी "आजोबा, अजून एक सांगा ना" करत होती. आबा सगळ्यांना सुकेळी वाटत होते आणि प्रत्येकीबरोबर एक स्वतः खात होते — पाहुण्याला एकट्याने खाऊ द्यायचं नाही, ही त्यांची रीत. निघताना नंदिनीने माझा हात दाबला. म्हणाली, "सुरे, नशीबवान आहेस गं. काय गोड सासरे आहेत तुझे!" आणि मला, मला त्या क्षणी वाटलं, की मी जिंकले. कोणती स्पर्धा, कोणाशी, विचारू नका.

संध्याकाळी मी खरं औषध बाटलीत परत भरलं आणि आबांना दिलं. मनात म्हटलं, झालं, संपलं, कुणाला कळलंही नाही.

सकाळी आबांना उठवायला गेले तर अंग तापलेलं. श्वास असा लागला होता की बोलताही येईना. छातीत खरखर, पण खोकला वर येईना, सगळं आत घट्ट बसलेलं. नखं निळसर. मी वाफ दिली, पाणी दिलं, पाठीवर थापट्या दिल्या, एवढ्या जोरात की विलास ओरडला, अगं मारतेस काय त्यांना! मी मारत नव्हते. मी सगळं परत बाहेर काढायला बघत होते. मग रिक्षा, दवाखाना, ऑक्सिजन, सलाईन, एक्स-रे. छातीत कफ साचून न्यूमोनिया झाला होता. पहिले काही दिवस तर डॉक्टर नीट काही सांगेनात. आबांच्या तोंडावर मास्क, आणि मास्कच्या वर त्यांचे डोळे, मी दिसले की बारीक हसणारे. मी त्या खुर्चीतून हलले नाही. घरी जायची भीती वाटत होती मला. लोक म्हणाले, बघा, सून रात्रंदिवस बसून आहे. माझी कीर्ती तिथूनच सुरू झाली.

आता यावर कुणी विचारणारच ना, की हे झालं कसं? बरा होता माणूस, झोपाळ्यावर गप्पा मारत होता. डॉक्टरांनी विचारलं, औषध बंद केलं होतं का? मी म्हटलं, नाही. ते एका अर्थाने खरंच होतं, चमचा काही मी चुकवला नव्हता. आणि तेवढ्यात आत्या गरजली. आत्या म्हणजे आमच्या घरातलं हायकोर्ट. ती म्हणाली, "विचारायचं काय त्यात! केली खाल्ली! थंडीच्या दिवसांत, छातीत कफ असताना, पाहुन्यांबरोबर बसून सुकेली खाल्ली यानं! किती खाल्ली कोनाला ठाव!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी घरात मी होते ना.

मी काय करायचं होतं? उघड आहे काय करायचं होतं. आणि मी काय केलं? मी म्हटलं — "हो ना. मी नको नको म्हणत होते. ऐकलं नाही त्यांनी."

मी नको म्हटलंच नव्हतं. मी परात भरून त्यांच्यापुढे ठेवली होती!

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं. केळ्यांवर सगळं गेलं आणि मी सुटले. आणि पुढे ऐका, अजून आहे. आबांना घरी सोडायच्या दिवशी त्या छातीच्या डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. म्हणाले, घरची मंडळी केळ्यांचं काहीतरी म्हणत होती, पण केळ्यांनी असं होत नाही. आबांना आवडतात तर खाऊ देत खुशाल. औषध आणि थापट्या तेवढ्या चुकवू नका. मी म्हटलं, हो डॉक्टर, सांगते घरी.

नाही सांगितलं. केळी निर्दोष सुटली असती तर लोकांनी दुसरा गुन्हेगार शोधला असता. म्हणून मी तो निकाल पदराला बांधून घरी आणला आणि तिथेच ठेवला.

मग आमच्या घरात जी काय केळीबंदी झाली! दारूबंदी काय असेल तिच्यापुढे. आत्या रोज सकाळी येऊन स्वयंपाकघरात नजर टाकायची. विलास घड उतरवला की तसाच परस्पर बाजारात पाठवायचा, घरातून नेला तर वास येईल म्हणून. सुकेळी घालणं बंद, मांडव मोडला. श्रावणात सत्यनारायण झाला तर आत्याने प्रसादाचा शिरा दोन पातेल्यांत केला — एक केळं घातलेला गावासाठी, एक बिनकेळ्याचा आबांसाठी. आबा म्हणाले, "देव पन पंक्तीत भेद करायला लागला काय माज्याशी?" सगळे हसले. आबांची ही खोडच होती, स्वतःच्याच दुःखावर लोकांना हसवायचं. स्वतः लावलेली केळ, स्वतः पाणी घातलेलं, स्वतः काढलेला घड — वाडीतच त्यातलं एक केळं हातात धरून नाकाशी न्यायचे, वास घ्यायचे, आणि जो कुणी समोर असेल त्याच्या हातात द्यायचे.

मी बाकी सगळं केलं. खरं औषध वेळच्या वेळी दिलं, एकदाही चुकलं नाही. पाणी, वाफ, थापट्या. आणि लाज? ती तर पार गेली. कुणी पाहुणे बसलेले असोत, व्याही असोत, आबांना उबळ आली की मीच ओरडायचे, "काढा आबा, चांगला काढा, लाजू नका!" पाहुण्यांचा चहा हातात तसाच राहायचा. नंदिनी पुन्हा एकदा आली तेव्हाही तेच. तिने नाकाला रुमाल लावला नाही, उलट राखेचा डबा तिनेच पुढे केला. बघा म्हणजे. तिच्या धास्तीने मी सगळं केलं, आणि ती अशी.

आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले, मजेत जगले, भरपूर खोकले. शेवटी गेले ते म्हातारपणाने. तेव्हा माझ्या त्या बाटलीने जीव घेतला असं नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय. खरंही आहे. पण त्याने काही होत नाही.

कारण मी मधली एक गोष्ट गाळली. तुमच्या लक्षात आलं असेल, मी दवाखान्यातून एकदम केळीबंदीवर आले. मध्ये एक सकाळ होती. ती सांगायला सुरुवात केली की माझी जीभ दुसरीकडेच वळते. आज सांगते.

आबा घरी आल्यानंतरची पहिलीच सकाळ. औषध दिलं होतं, खरं, कडू. आबा उशांवर पालथे झोपले होते, डोकं खाली, आणि मी पाठीवर थापट्या देत होते. पाठ अगदी बारीक झाली होती त्यांची, बरगड्या हाताला लागत होत्या. त्यांचं तोंड उशीत, माझ्याकडे नाही. आणि ते म्हणाले, "सूनबाय, माज्या या जिभेपायी तुला दवाखान्यात कुत्र्यासारखं बसावं लागलं. पोराला कामधंदा सोडावा लागला. तू नको म्हनत व्हतीस, सगली म्हनतात. मना तर आठवत पन नाय बाय, एवढा मी खान्यात गुंग. चुकलो. माफ कर मना."

त्यांना आठवत नव्हतं. कसं आठवेल? मी नको म्हटलंच नव्हतं. पण सून खोटं कशाला बोलेल? म्हणून त्यांनी आपल्या आठवणीवरच अविश्वास दाखवला, आणि माझ्यावर विश्वास.

माझा हात थांबला. खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं होतं. त्यांना माझं तोंडही दिसत नव्हतं. याहून सोपं कधी झालं असतं?

मी म्हटलं, "असू द्या आबा. केलं माफ. पण आता पुन्हा केळ्याला हात लावायचा नाही. शब्द द्या मला."

"दिला बाय," ते म्हणाले. आणि मी पुन्हा थापट्या द्यायला लागले.

मी माफ केलं त्यांना. मी!

शेवटच्या आजारपणात आत्याचाही जीव विरघळला. तीच म्हणाली, आता कसलं पथ्य, द्या रे त्याला एक राजेळी. विलासने झाडावर पिकलेलं केळं आणलं, सोलून तोंडाजवळ नेलं. खोलीभर वास पसरला. आबांनी डोळे उघडले, केळ्याकडे बघितलं, मग मला शोधलं. मी पायाशी उभी होते. मान हलवली त्यांनी, नको. मी पुढे झाले, म्हटलं, "खा ना आबा. मी सांगते, खा." माझा आवाज कसा तरीच झाला असणार. पण आबांचे डोळे एकदम लकाकले, जुनी खोडी काढावी तसे.

"परीक्षा घेते व्हय गं माजी?" म्हणाले, आणि तोंड मिटून घेतलं.

सगळे हसले. मीही हसले.